संघावरचं टिंब

छापणं ह्यांच्याकडं, धुणं माझ्याकडं.
लग्न झालं त्या सालीच अशी वाटणी झाली.
धुणं म्हटल्यावर बाईला विचारतो कोण.
मलाही वाटलं, जाळीचाच तर कपडा,
लाकडी चौकटीत ताणलेला, असेल साडीसारखा.
पहिल्याच दिवशी हात जरा जोरात चालला
आणि घाटंजीतल्या एका भांड्यांच्या दुकानाचं
नाव, पत्ता, प्रोप्रायटर,
सगळं मोरीतून वाहून गेलं.

केमिकल न्हाणीत लावायचं, पिवळ्या बल्बाखाली,
दाराच्या फटीत गोणपाट कोंबून.
सुकलं की वर बटरपेपर, त्यावर काच,
आणि फ्रेम उचलून थेट अंगणात.
ट्यूबलाइटचा डबाही आहे, लाइट असते तेव्हा.
उन्हापुढं घड्याळ चालत नाही, पाढे चालतात:
पौषात सतराचा दोनदा,
चैत्रात तेराचा एकदाच, तोही भरभर.
ढग आला की थांबायचं,
आकडा तोंडात धरून.

उन्हानं धरलं ते घट्ट होतं.
अक्षराच्या सावलीतलं तेवढं कच्चं राहतं,
आणि कच्चं असतं तेच पाण्यानं सुटतं.
हे मला कोणी शिकवलं नाही, बोटांना कळलं,
आधी बुळबुळीत, मग खरखरीत,
मग नुसती जाळी.

काल पारव्याच्या पोरी आल्या.
बारा निळे टी-शर्ट, खताच्या पिशवीत कोंबलेले.
पाठीवर पाहिजे, मुलींचा कबड्डी संघ, पारवा,
सामना उद्या सकाळी पांढरकवड्याला.
त्यांच्यातली मैना आत्राम मोरीच्या उंबऱ्यावरच बसली,
गुडघ्यावरची खपली नखानं उचकत.
"काकू, मले पाहू द्या नं."

नळ आला होता मंगळवारी, काल रविवार.
ड्रमात चार बोटं पाणी, त्यातलं दोन बोटं भांड्यांचं.
मी फवारणीचा पंप काढला,
कोरा, औषधाला कधी न शिवलेला,
पऱ्हाटीत जायचा तो माझ्या मोरीत नांदतो.
बारीक धार. आधी लांबून, मग जवळून.
पायाशी जांभळं पाणी.
पारवा उघडलं, दोन्ही काने सरळ,
मग कबड्डी, त्यातला तो अडून बसणारा ड्डी,
मुलींचावरचं टिंब तर न मागता आलं.
संघ मात्र अर्धवट.

"सघ," मैनानं वाचलं. "हे काय व काकू, सघ?"

फ्रेम उन्हाकडं धरली.
टिंबाच्या जागी जांभळा डोळा, मिटलेला.
धार जोरात मारावी तर शेजारचा स गळणार.
नव्यानं करावं तर उन्हं उतरलेली,
आणि ड्रमात आता भांड्यांचीच दोन बोटं.
आतून हे म्हणाले, जाऊ दे,
टिंब कोण पाहतं, पाठ पळत असते.

खरं होतं तसं.

मैना काही बोलली नाही. नुसती वाकली,
तोंड जाळीच्या अगदी जवळ नेलं
आणि फुंकलं.
मीही फुंकते रोज. माझी फुंकर तीन आकड्यांची.
हिची संपेचना.
समोरच्या अर्ध्यात शिरून, कोणालातरी शिवून
परत रेघेवर येईपर्यंतचा तो दम,
मी सवयीनं पाढा धरला,
सतरापासून एकशेदोनपर्यंत पोचले,
तेव्हा जाळीच्या पल्याड एक बुडबुडा आला,
फुगला,
आणि फुटून थेंब माझ्या कपाळावर बसला.

"आता वाचा," ती म्हणाली. धापसुद्धा नाही.

रात्री अकरापर्यंत ह्यांनी छापलं,
पोरी पहाटेच्या एसटीनं ओलसर रंग पाठीवर घेऊन गेल्या,
टेकून बसू नका म्हटलं, ऐकतात कुठं.
भांडी मी राखेनं कोरडीच घासली.
सामन्याचं काय झालं, दुपार झाली तरी फोन नाही.
आणि कपाळावरचं धुवायचं माझं राहूनच गेलं,
आत्ता नखानं खरवडून पाहिलं,
निघत नाही.
सकाळपासून अंगणातच होते मी,
उन्हात.